‘एनी कन्सर्न्स?’ नंतरची शांतता

आपल्या शहरात स्पोकन इंग्लिशचे क्लास काही नवे नाहीत. औरंगपुरा, उस्मानपुरा, सिडको, कुठेही दोन जिने चढा, एखादा सापडतोच. पण तिथे हल्ली एक वेगळा विद्यार्थी दिसतो. त्याला इंग्रजी येतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं त्याने इंग्रजीत पेपर लिहिलेत, दिवसभर तो इंग्रजी डॉक्युमेंटेशन वाचतो, क्लायंटला ईमेल पाठवतो. त्याला शिकायचं असतं ते एवढंच की मीटिंगमध्ये तोंड कसं उघडायचं. ‘कॅन आय कम इन हिअर?’ ‘जस्ट टू ॲड टू दॅट.’ ‘इफ आय अंडरस्टँड यू करेक्टली.’ ‘लेट्स पार्क धिस फॉर नाऊ.’ अशी पन्नास-साठ वाक्यं वहीत उतरवायची, पाठ करायची आणि सोमवारच्या कॉलमध्ये योग्य जागी टाकायची. क्लासला जायला वेळ नसेल तर यूट्यूब आहेच.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी इथूनच, घरातून काम करतो, त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे मीटिंगच. ही वाक्यं मीही वापरतो. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेला माझा एक मित्र यावरून नेहमी चिडवतो. ‘तुमचं सगळं नाटक असतं. आमचं मशीन बंद पडलं तर आम्ही सांगतो, बंद पडलं. तुम्ही सांगता, वुई आर सीइंग सम चॅलेंजेस.’

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे, पण आत एक खरा प्रश्न आहे. पाठ केलेल्या वाक्यात माणूस किती खरा असतो? ‘आय सी युअर पॉइंट’ म्हणताना मला त्याचा पॉइंट दिसत नसेल, ‘ग्रेट क्वेश्चन’ म्हणताना प्रश्न ग्रेट वाटत नसेल, तर मी सभ्य वागतोय की खोटं बोलतोय? आणि हे सगळं शिकल्याशिवाय माझं म्हणणं कोणी ऐकणारच नसेल, तर ते शिकणं ही प्रगती म्हणायची की शरणागती?

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याला वाटतं की मीटिंगची भाषा ही गोऱ्या लोकांची घरची भाषा आहे, आणि आपण ती उसनी आणतो. पण गावाकडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आठवून बघा. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ ‘आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा मा. अध्यक्षांच्या परवानगीने विचार करणे.’ खाली बारीक अक्षरात, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल. मग सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. हे मराठीच आहे, पण कोणाच्या घरचं मराठी आहे? ‘आज पिठलं करावं असा मी ठराव मांडते, सासूबाईंनी अनुमोदन द्यावं’ असं कुठल्या स्वयंपाकघरात कोणी म्हणत नाही. ज्या शेतकऱ्याला पंचवीस वर्षांपूर्वी ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणजे काय हे कळत होतं, तो सभेत पाण्याच्या पाळीचा प्रश्न काढू शकत होता. ज्याला कळत नव्हतं तो मागे उभा राहून ऐकत होता.

त्याच्याही मागे जा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. संस्थानाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ काढलं, तेही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी बोलणारा माणूस कचेरीत उभा राहायचा तेव्हा त्यालाही ठरलेली वाक्यं लागायची. ती येत नसतील तर ज्याला येतात त्याला पैसे देऊन अर्ज लिहून घ्यावा लागायचा. आज आपण ज्यांना अस्सल मराठी समजतो ते अर्ज, हजर, मंजूर हे शब्द फारसी-अरबीतून कचेरीच्या वाटेनेच आपल्याकडे आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. ‘सचिव’, ‘अमात्य’ हे शब्दही तेव्हाच्या कारकुनांना शिकावेच लागले असणार.

आणि गोऱ्या लोकांचं म्हणाल तर आपल्याच पेशातल्या एका माणसाची गोष्ट आहे. हेन्री मार्टिन रॉबर्ट हा अमेरिकी लष्करातला इंजिनिअर. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावात त्याला एका चर्चच्या सभेचं अध्यक्षस्थान दिलं गेलं. सभा कशी चालवतात याची त्याला काहीच कल्पना नव्हती आणि सभेत नुसता गोंधळ झाला. इंग्रजी त्याची मातृभाषा होती, तिचा तिथे उपयोग झाला नाही. मग त्याने सभांच्या नियमांचा पिच्छा पुरवला आणि १८७६ साली छोटं पुस्तक काढलं. ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या नावाने ते आजही अमेरिकेत सभा चालवायला वापरलं जातं. कोणी कधी उभं राहायचं, प्रस्ताव कुठल्या शब्दांत मांडायचा, दुरुस्ती कशी सुचवायची, सगळं त्यात आहे.

थोडक्यात, सभेची भाषा कोणाचीच मातृभाषा नसते. ती सगळ्यांनाच शिकावी लागते. फरक इतकाच की काहींना ती घरात, जेवणाच्या टेबलावर फुकट मिळते आणि काहींना क्लासची फी भरून.

मग ही ठरलेली वाक्यं असतात कशासाठी? याचं मला पटलेलं उत्तर आपल्या शहराच्या मागच्या डोंगरात आहे. विद्यापीठाच्या मागे लेणी आहेत, शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या विहारांत मधे मोठं दालन आणि भोवती भिक्षूंच्या छोट्या खोल्या असतात. आपण ती चित्रांसाठी आणि मूर्तींसाठी बघतो. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षुसंघाकडे सभेच्या नजरेने पाहिलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगितलं की संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी या सगळ्यांचे नियम बौद्ध भिक्षुसंघांत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं.

संघाची पद्धत साधारण अशी होती. आधी विषय सगळ्यांना कळवायचा. मग प्रस्ताव ठरलेल्या शब्दांत म्हणायचा. विषय महत्त्वाचा असेल तर तो एकदा म्हणून भागायचं नाही, तीनदा म्हणायचा. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहायचं, ज्याला मान्य नाही त्याने बोलायचं. एकमत झालं नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मतं मोजायची.

संघात वेगवेगळ्या जातींचे, प्रांतांचे, बोलींचे लोक येत होते. कोणी राजघराण्यातला, कोणी शेतकरी. अशा ठिकाणी ज्याला जसं सुचेल तसं बोलू दिलं, तर ज्याचा आवाज मोठा आणि ज्याला बोलायची सवय, तोच बोलत राहणार. शब्द आधीच ठरलेले असले की नव्या माणसालाही कळतं, आता आपली पाळी आहे. परंपरा सांगते की बुद्धांनंतरच्या पहिल्या संगीतीत हे नियम, म्हणजे विनय, उपालीने सांगितले. उपाली पूर्वी शाक्यांचा न्हावी होता. घराण्यावर, आवाजावर किंवा ओळखीवर सभेत जागा मिळत असती तर त्याला ती मिळाली नसती. नियम पाठ होते म्हणून मिळाली.

म्हणून ‘कॅन आय कम इन हिअर?’ पाठ करणाऱ्याला मी नाटकी म्हणणार नाही. मधेच बोलायचा आत्मविश्वास सगळ्यांच्या अंगात नसतो. पाठ केलेलं वाक्य ती कमी भरून काढतं. चार शब्द बोलेपर्यंत बाकीचे थांबतात, आणि मग आपलं खरं म्हणणं सांगता येतं. वाक्य उसनं असलं तरी त्याच्या मागून येणारं मत आपलं असतं.

पण संघाच्या पद्धतीत एक धोकाही आहे आणि तोच आजच्या मीटिंगमध्ये आपल्याला नडतो. गप्प राहणं म्हणजे मान्यता. संघात प्रस्ताव तीनदा म्हटला जायचा, प्रत्येक वेळी विचार करायला अवधी मिळायचा. आपल्या कॉलमध्ये काय होतं? ‘एनी कन्सर्न्स?’ दोन सेकंद शांतता. ‘नो? ग्रेट, लेट्स मूव्ह ऑन.’

या दोन सेकंदांत काय काय मावतं ते बघा. माईक म्युटवर आहे, तो काढायचा. मनातलं मराठी वाक्य इंग्रजीत आणायचं. काळ तपासायचा, ‘डिड नॉट केम’ असं काही तोंडून जाणार नाही ना. आपलं म्हणणं उद्धट वाटणार नाही ना याचा अंदाज घ्यायचा. वाक्य तयार होईपर्यंत पुढची स्लाइड आलेली असते.

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथली गोष्ट सांगतो. एका प्रोजेक्टमध्ये हिशोबाच्या जुन्या नोंदी एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवायच्या होत्या. टीममध्ये सिल्लोडकडची एक टेस्टर होती, कामाला एकदम पक्की. तिला दिसलं होतं की काही वर्षांच्या नोंदींत तारीख आधी दिवस मग महिना अशी आहे आणि काहींत आधी महिना मग दिवस. पाच एप्रिल की चार मे, हे मशीनला कळणार नव्हतं. तिने ते तिकिटात लिहिलंही होतं, पण तिकीट कोणी उघडलं नाही. शेवटच्या कॉलमध्ये ‘एनी कन्सर्न्स?’ झालं, दोन सेकंद गेले, काम पुढे गेलं. नंतर हजारो नोंदी चुकीच्या महिन्यात जाऊन बसल्या. त्या निस्तरायला दोन रात्री जागली तीच. आणि आढावा बैठकीत वरच्या माणसाने तिलाच विचारलं, ‘यू वेअर ऑन द कॉल. व्हाय डिडन्ट यू स्पीक अप?’

या प्रश्नात मोठा अन्याय आहे. विचारणाऱ्याच्या मते त्याने संधी दिली होती. दोन सेकंदांची शांतता मिनिट्समध्ये ‘ऑल अग्रीड’ म्हणून नोंदवली गेली होती. तिचं गप्प राहणं तिची संमती ठरलं, आणि मग तिची चूकही ठरलं.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर क्लास लावायचा. तिला वाक्य आलं असतं तर प्रश्नच मिटला असता. मलाही बराच काळ तसंच वाटायचं. पण ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा आहे, ज्यांना सगळी वाक्यं येतात, त्यांचं काय होतं याचं एक उदाहरण इंजिनिअरिंगच्या इतिहासात आहे.

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी अमेरिकेत एक टेलिकॉन्फरन्स झाली. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे अंतराळयान उडायचं होतं आणि फ्लोरिडात रात्री कडाक्याची थंडी पडणार होती. यानाच्या रॉकेटचे भाग जिथे जोडतात तिथे रबरी कड्या असतात. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या रॉजर बोईजोली आणि आर्नी थॉम्पसन या इंजिनिअरांचं म्हणणं होतं की थंडीत त्या कड्या नीट बसणार नाहीत. साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका, अशी शिफारस कंपनीने केली. नासाच्या अधिकाऱ्यांनी ती उचलून धरली नाही, उलट आकडेवारीवर शंका घेतल्या. तेव्हा थायोकॉलने पाच मिनिटं मागितली, आपापसात बोलायला. आपण आज म्हणतो तसं त्यांनी अक्षरशः ‘ऑफलाइन’ घेतलं. पाच मिनिटांची जवळपास तीस झाली. तिथे एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. निर्णय फक्त मॅनेजरांनी घेतला. फोन पुन्हा जोडला गेला तेव्हा शिफारस बदललेली होती. शेवटी सगळ्यांना विचारलं गेलं, आणखी कोणाला काही म्हणायचंय का? कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं आणि सात जण गेले.

बोईजोली आणि थॉम्पसन यांनी कमी इंग्रजीमुळे हार खाल्ली नाही. त्यांनी आलेख दाखवले, कागद पुढे केले, स्पष्ट विरोध केला. आधीचा प्रश्न असायचा, ‘उडवणं सुरक्षित आहे हे दाखवा.’ त्या रात्री तो उलटला, ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा.’ निर्णय जिथे झाला त्या बोलण्यात त्यांच्या मताची मोजणीच नव्हती. आणि शेवटचा प्रश्न सगळं ठरून गेल्यावर विचारला गेला.

हे उदाहरण वाचल्यावर मी त्या पन्नास-साठ वाक्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. त्यांचे दोन ढीग पडतात. काही वाक्यं दार उघडतात. ‘कॅन आय ॲड समथिंग?’ ‘कुड यू एक्सप्लेन दॅट अगेन?’ ‘आय डिसअग्री, अँड हिअर इज व्हाय.’ काही वाक्यं दार लावून घेतात, आणि तेही इतक्या हळू की आवाज येत नाही. ‘लेट्स टेक इट ऑफलाइन.’ ‘नोटेड.’ ‘वुई विल सर्कल बॅक.’ ‘पॉइंट वेल टेकन, बट.’ आपल्याकडे सरकारी कचेरीत ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ म्हणतात, त्याची ही इंग्रजी भावंडं. नोंद कोणी घेतली, कुठे घेतली, पुढे काय करणार, वाक्यात काहीच नाही. वाक्यातून माणूस काढून टाकला की जबाबदारीही निघून जाते.

मित्राचा नाटकाचा आरोप या दुसऱ्या ढिगाला बरोबर लागू पडतो. ‘लेट्स टेक इट ऑफलाइन’ प्रामाणिकपणेही म्हणता येतं, पण मग त्याच्या मागे ‘दुपारी चारला, तू, मी आणि ती, आणि जे ठरेल ते ग्रुपवर मी लिहीन’ एवढं यायला हवं. ते येत नसेल तर वाक्य सभ्य असूनही खोटं आहे. माझी स्वतःपुरती कसोटी एवढीच आहे. वाक्य बोलून झाल्यावर कोणी, काय, कधी करायचं हे आधीपेक्षा स्पष्ट झालं का? आणि समोरच्याला बोलायला जागा वाढली की कमी झाली?

या हिशोबाने, मीटिंगमध्ये बसणाऱ्यापेक्षा मीटिंग चालवणाऱ्याचं इंग्रजी जास्त महत्त्वाचं ठरतं. क्लासेस बहुतेक वेळा उलट शिकवतात. न बोलणाऱ्यावर मेहनत घेतात, त्याला तोंड उघडायला लावतात. पण जो लीड आहे, ज्याच्या हातात पुढची स्लाइड आहे, त्याला कोणी शिकवत नाही की थांबायचं कसं. आपल्या वयाचे कितीतरी जण आता तीन-चार माणसांच्या टीमचे लीड झालेत. आपण त्या दोन सेकंदांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो आहोत. म्हणून ही जबाबदारी दुसऱ्या कोणाची आहे असं म्हणता येणार नाही.

त्यात काही अवघड नाही. ‘एनी कन्सर्न्स?’ हा प्रश्न सगळ्यांना विचारला की कोणालाच विचारलेला नसतो. नाव घेऊन विचारा, ‘टेस्टिंगमध्ये तुला काय दिसलं?’ मत कॉलच्या आधी लिहून मागा, म्हणजे ज्याला बोलताना शब्द सापडत नाहीत त्याचं म्हणणं आधीच टेबलावर असेल, आणि ते उघडून वाचा. प्रश्न बदला. ‘सगळे तयार ना?’ ऐवजी ‘हे कुठे फसू शकतं?’ विचारलं की विरोध करणं उद्धटपणा राहत नाही, ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं.

आणि भाषा. कॉलवर सहा जण आहेत, सहाही जणांना मराठी नाहीतर हिंदी येतं, ज्या क्लायंटसाठी इंग्रजी चाललंय तो त्याच्या देशात गाढ झोपलाय, तरी आपण एकमेकांना ‘कॅन यू प्लीज इलॅबोरेट’ करत असतो. हे कोणासाठी? मिनिट्स इंग्रजीत लिहा, ते कामाला लागतात. पण शंका ज्या भाषेत सुचते त्या भाषेत येऊ द्या. ‘सर, इथे तारखांचा घोळ आहे, हे असं टाकलं तर सगळं बोंबलेल’ हे पूर्ण, नेमकं आणि वेळेवर आलेलं वाक्य आहे. लीडने एकदा तरी स्वतःहून ‘मराठीत सांगितलं तरी चालेल’ म्हटल्याशिवाय नवा माणूस ते म्हणणार नाही, कारण मराठीत बोललो तर इंग्रजी येत नाही असं समजतील, ही भीती त्याला असते.

वाक्यं शिकणाऱ्यांनी शिकत राहावं. सोसायटीच्या सभेत ‘आयत्या वेळचा विषय’ शिकलेल्या शेतकऱ्याने काही स्वत्व गमावलं नव्हतं, त्याने पाणी मिळवलं होतं. फक्त ज्या दिवशी आपण लीड होऊ त्या दिवशी एक गोष्ट पाळू. ‘एनी कन्सर्न्स?’ विचारल्यावर स्लाइड बदलायच्या आधी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. कॉलवर दहा सेकंद फार लांब वाटतात, अवघडल्यासारखं होतं. पाचव्या-सहाव्या आकड्याला कोणाचा तरी माईक सुरू झाल्याचा आवाज येतो. आकडे मराठीत मोजले तरी चालतात.